बॅटरी बदलण्याआधी : प्रस्तावना

सेल्फ मारला की नुसता 'टक्' असा आवाज येतो, मीटरमधले दिवे पिवळे पडतात आणि गॅरेजमधला निकाल ठरलेला असतो : बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते. आठ-पंधरा दिवस गाडी कुरकुर न करता चालते आणि मग एके सकाळी पुन्हा तोच 'टक्'. आता बॅटरीच्या कंपनीला शिव्या, दुकानदाराशी वॉरंटीवरून वाद, आणि शेवटी तिसरी बॅटरी. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात दुचाकीवाल्यांना, पॉवर टिलरवाल्यांना, सेल्फचा जनरेटर बाळगणाऱ्या मंडपवाल्यांना हे चक्र चांगलं ओळखीचं आहे. या पुस्तिकेचं म्हणणं एवढंच की अशा खटल्यात बॅटरी पुष्कळदा आरोपी नसते, फिर्यादी असते. एक तर तिला कुणी भरत नसतं, नाही तर भरलेलं रातोरात कुणी तरी काढून घेत असतं. दोन्ही प्रकारांत चौकशी ज्याच्याकडे सगळ्यात आधी व्हायला हवी आणि सगळ्यात शेवटी होते, तो म्हणजे डायोड.

एवढ्याशा भागावर पुस्तिका कशाला, असं विचारणारे भेटतील. त्यांना आधी या पट्ट्यातल्या इंजिनांची हकिगत सांगावी लागेल.

इंजिन आपल्याकडे नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला तो औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जमिनीवर. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. पण तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तेव्हा यंत्रांच्या बाबतीत या दोन जिल्ह्यांचा इतिहास एकच धरलेला बरा. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी कारखाना उभा केला. हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्रीही होते, पण गावोगाव त्यांचं नाव पोचलं ते राजकारणामुळे नाही. विहिरीच्या काठावर 'डुग डुग' करणाऱ्या डिझेल इंजिनावर 'कूपर' किंवा 'किर्लोस्कर' ही अक्षरं वाचतच दोन पिढ्यांनी अक्षरओळख पक्की केली, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या जुन्या डिझेल इंजिनाची एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. त्याला विजेची गरज नव्हती. हँडल मारायचं, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं डिझेल पेटायचं, इंजिन चालू. ना प्लग, ना कॉइल, ना बॅटरी. म्हणून पिस्टन, रिंगा, नोझल, बेअरिंग यांत ज्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही असा मिस्त्री आयुष्यभर विजेच्या वाटेला न जाताही नावाजला जाऊ शकत होता.

मग स्कूटर आली. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली आणि साताऱ्याच्या कारखान्यातून 'प्रिया' बाहेर पडू लागली. त्या पिढीतल्या बॅटरीशिवायच्या स्कूटर ज्यांनी चालवल्या आहेत त्यांना आठवेल : ॲक्सिलरेटर पिळला की दिवा उजळायचा, चौकात गाडी घुटमळली की मिणमिणायचा, आणि हॉर्नचा आवाजही इंजिनाच्या लयीत बदलायचा. कारण दिवा आणि हॉर्न थेट मॅग्नेटोच्या कॉइलवर चालत होते. वीज तयार होत होती तशीच खर्च होत होती. साठवण नव्हती, त्यामुळे साठवणीची भानगडही नव्हती.

सेल्फस्टार्टर आला आणि हे सगळं पालटलं. बटण दाबून इंजिन फिरवायचं तर ते बंद असतानाही वीज हाताशी हवी, म्हणजे बॅटरी हवी, आणि बॅटरी भरायची तर मधे डायोड हवा. पुढे कायद्यानंही हातभार लावला. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकीचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागलेलाच राहील अशी सक्ती झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांतला कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आता पेट्रोल पोचवणाऱ्या पंपालाही वीज लागते. बऱ्याच गाड्यांना किक उरलेली नाही, आणि बॅटरी पार उतरली असेल तर उतारावर ढकलूनही इंजिन दाद देत नाही. शंभर वर्षं इंजिनाशी खेळलेल्या आपल्या भागात विजेची बाजू अशी मागच्या दाराने आली. मिस्त्रीनं ती शिकून घ्यायच्या आतच ती एका सीलबंद डबीत भरून आली, आणि त्या डबीला आपण 'आरआर', म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणू लागलो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू.

छोट्या इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये चुंबकं बसवलेली असतात आणि त्यांच्या आत किंवा बाजूला, न हलणाऱ्या प्लेटवर, तांब्याच्या तारेची कॉइल असते. चुंबक कॉइलसमोरून जातं तेव्हा तारेत वीज निर्माण होते. पण चुंबकं उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण अशी एकाआड एक लावलेली असल्यामुळे वीजही एकदा या दिशेनं, एकदा त्या दिशेनं वाहते. हीच एसी. फ्लायव्हीलमध्ये सहा जोड्या असतील आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला पन्नास फेरे गुणिले सहा, म्हणजे विजेचं येणं-जाणं सेकंदाला ३०० वेळा होतं. इंजिन मंद केलं की हा आकडा उतरतो आणि त्याबरोबर व्होल्टही.

बॅटरीला हे चालत नाही. शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्ल यांच्यातली रासायनिक क्रिया भरताना एका दिशेनं होते आणि खर्चताना उलट. एसी थेट जोडली तर अर्ध्या वेळात घातलेलं उरलेल्या अर्ध्या वेळात बाहेर. शिवाय इंजिन बंद झालं की त्याहून वाईट. कॉइल म्हणजे शेवटी तांब्याची तारच. तिचा अडथळा जेमतेम एखादा ओहम, पुष्कळदा त्याहूनही कमी. बारा व्होल्टची बॅटरी तिच्यावर लागून राहिली तर दहा-वीस अँपिअर सहज वाहतात. फ्यूज असेल तर उडतो. नसेल तर कॉइलचं वार्निश जळतं आणि तो वास एकदा नाकात बसला की मिस्त्री तो जन्मभर ओळखतो.

म्हणून मधे डायोड. तो काय करतो हे नदीकाठच्या माणसाला सांगायला फार कष्ट नाहीत. कृष्णेतून पाणी उचलणाऱ्या पंपाच्या सक्शन पाइपच्या टोकाला फूट व्हॉल्व्ह असतो. पंप ओढतो तेव्हा तो उघडतो, पंप थांबला की पाण्याच्याच भाराने बसतो आणि पाइप भरलेला राहतो. डायोड बॅटरीसाठी हेच करतो : कॉइलकडून जोर आला की वाट देतो, कॉइल थंडावली की बॅटरीतलं मागे जाऊ देत नाही. एवढंच नाही, दोघांचे रोगही सारखे. फूट व्हॉल्व्ह गळका असला की रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी पंप नुसता गरगरतो, पाणी उचलत नाही. त्या वेळी पंप बदला असं कुणी शेतकरी म्हणत नाही; तो आधी व्हॉल्व्हच्या चामड्यात अडकलेला खडा शोधतो. बॅटरीच्या बाबतीत मात्र आपण पंपच बदलत आलो आहोत.

फरक एका ठिकाणी आहे. डायोडमध्ये हलणारं काहीच नसतं. शुद्ध सिलिकॉनच्या एका भागात फॉस्फरससारख्या मूलद्रव्याचा अंश मिसळला की तिथे जादा इलेक्ट्रॉन मोकळे होतात. दुसऱ्या भागात बोरॉनसारखा अंश मिसळला की तिथे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा तयार होतात. दोन्ही भाग जिथे भिडतात तिथे इलेक्ट्रॉन आणि जागा एकमेकांत मिसळून एक पातळसा पट्टा मोकळ्या विद्युतभारापासून रिता होतो. एका दिशेनं सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट लावले की हा पट्टा नाहीसा होतो आणि प्रवाह सुरू होतो. उलट दिशेनं लावले तर पट्टा आणखी रुंद होतो, प्रवाह अडतो. सेकंदाला ३०० वेळा उघडझाप करूनही काही झिजत नाही. म्हणून डायोड झिजून मरत नाही. तो मरतो उष्णतेनं, नाही तर न पेलणाऱ्या व्होल्टनं.

डायोड येण्याआधी काय होतं, हे जाणून घेतलं की त्याची किंमत नीट कळते. जुन्या जीप आणि अँबॅसिडरमध्ये डायनामो असायचा. आतमध्ये निर्माण होणारी वीज एसीच, पण तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि कार्बन ब्रश मिळून तिची दिशा सतत फिरवून घेत. ब्रश झिजत, कम्युटेटरवर ठिणग्या पडत. आणि इंजिन थांबल्यावर बॅटरीनं उलट डायनामोलाच मोटर बनवून फिरवू नये म्हणून 'कटआउट' नावाचा रिले असे. जुने ऑटो इलेक्ट्रिशियन अजूनही आरआरला सवयीनं कटआउट म्हणतात, आणि तसं पाहिलं तर ते चुकीचं नाही. अर्धं काम तेच आहे. मोटारीत सिलिकॉन डायोडवाला अल्टरनेटर सर्रास बसू लागला तो १९६०च्या सुमारास, अमेरिकेत, क्रायस्लरच्या गाड्यांपासून. स्फटिकातून वीज एकाच दिशेनं जाते हे मात्र फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ सालीच पाहिलं होतं, आणि आपल्या जगदीशचंद्र बोसांना गॅलिना या शिशाच्याच खनिजाच्या स्फटिकावर चालणाऱ्या शोधकासाठी १९०४ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं होतं. बोस रेडिओलहरींच्या मागे होते, बॅटरीशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पण गॅरेजमध्ये हातात येणाऱ्या काळ्या नळीचा पणजोबा कलकत्त्यात होता, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

सगळ्यात साध्या रचनेत एकच डायोड असतो. छोटे पेट्रोल जनरेटर, गवत कापायची यंत्रं आणि सेल्फ असलेली काही लहान इंजिनं यांत तो पुष्कळदा दिसतही नाही. कॉइलकडून येणाऱ्या वायरमध्येच, कनेक्टरच्या अलीकडे, स्लीव्हखाली एक फुगवटा असतो तोच. हा फुगवटा म्हणजे कुणीतरी मारलेला जोड असं समजून वायर कापणारे आणि सरळ पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळणारे महाभाग आहेत. इंजिन चालू असेपर्यंत त्यात काही वावगं जाणवतही नाही. बंद करून घरी गेल्यावर वर सांगितलेला तो वास येतो.

एक डायोड लाटेचा अर्धाच भाग वापरतो, उरलेला अर्धा वाया. अशा रचनेतून साधारण तीनेक अँपिअर मिळतात. हे फार थोडं वाटतं, पण हिशेब करून पाहा. सेल्फनं १०० अँपिअर तीन सेकंद ओढले असं धरा. ते झाले ३०० अँपिअर-सेकंद. तीन अँपिअरनं ते शंभर सेकंदांत परत येतात. बॅटरीतली घट धरली तरी अडीच-तीन मिनिटांत. म्हणजे इंजिन एकदा सुरू करून तासभर चालवणाऱ्यासाठी हा एकटा डायोड पुरून उरतो. उसाच्या भरणीला टिलर घेऊन सरीत उतरलेल्या माणसाची बॅटरी चार्जिंग ठीक असेल तर उतरायचं कारणच नाही.

दूधवाल्याची गोष्ट निराळी. पलूस-भिलवडीकडे किंवा कोरेगाव-खटावकडे पहाटे दुचाकीला किटल्या लावून निघालेला माणूस दर दारात थांबतो, इंजिन बंद करतो, माप घालतो, सेल्फ मारतो, शंभर पावलांवर पुन्हा थांबतो. हेडलाइट चालूच. इथे आणखी एक बारकावा आहे जो पुस्तकांत सहसा नीट सांगितला जात नाही. कॉइलचे व्होल्ट बॅटरीच्या व्होल्टपेक्षा आणि वर डायोडच्या आपल्या ०.७ पेक्षा जास्त झाल्याशिवाय एक थेंबही वीज बॅटरीत जात नाही. गाडी आयडलवर फटफट करत उभी आहे म्हणजे बॅटरी भरतेय, हा समज त्यामुळे अर्धाच खरा. दूधवाल्याच्या गाडीत सगळं काही ठणठणीत असूनही बॅटरी उतरू शकते. त्याला आरआर बदलून देणं म्हणजे त्याचे पैसे घालवणं. त्याला सांगायचं ते हे की परतताना शेवटचे चार-पाच किलोमीटर एका लयीत चालव, आणि गाडीला किक असेल तर रतिबात तीच वापर.

चार डायोड चौकोनात जोडले की त्याला ब्रिज म्हणतात. लाटेचे दोन्ही भाग कामी येतात, पण प्रवाहाला प्रत्येक वेळी दोन डायोडांमधून जावं लागतं. तिथली हानी मोजायची तर जड प्रवाहात प्रत्येक डायोडवर जवळपास एक व्होल्ट खर्च होतो. दोघांचे मिळून दोन. पंधरा अँपिअर वाहत असतील तर तीस वॅट उष्णता. डबीला अॅल्युमिनियमचे पंख असतात ते शोभेसाठी नव्हेत. आजच्या बहुतेक मोटरसायकलींत कॉइल तीन फेजची असते. मॅग्नेटमधून तीन वायरी येतात, बहुधा तिन्ही पिवळ्या, आणि डबीत सहा डायोड असतात.

त्याच डबीत रेग्युलेटरही असतो, कारण इंजिन जोरात फिरलं की कॉइलचे व्होल्ट बॅटरीला झेपणार नाहीत इतके वाढतात. बारा व्होल्टची भरलेली, स्वस्थ बसलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, भरताना १३.८ ते १४.४-१४.५ च्या दरम्यान राहिली पाहिजे. पंधराच्या वर गेली की पाणी उकळल्यासारखं उडू लागतं. रेग्युलेटरच्या जुन्या आणि अजूनही भरपूर वापरल्या जाणाऱ्या प्रकारात एससीआर नावाचा डायोडचाच चुलतभाऊ असतो. बॅटरी भरली की तो कॉइलला शॉर्ट करून टाकतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण मॅग्नेटोच्या कॉइलचा प्रवाह तिच्या स्वतःच्या रचनेमुळेच एका मर्यादेपलीकडे जात नाही, म्हणून ते चालतं. याचा परिणाम मोठा चमत्कारिक : बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि गाडी हायवेवर पळत असताना आरआर सर्वांत जास्त तापतो. हात लावून 'फार तापतोय, गेला वाटतं' म्हणत टाकून दिलेल्या डब्यांपैकी कितीतरी धडधाकट असणार, असं माझं मत आहे. तापणं हा त्याचा धर्म आहे. तो थंडगार असेल तर मी आधी संशय घेईन.

ठळक बिघाड दोन तऱ्हेचे. डायोड उघडा पडला तर वीज जातच नाही, चार्जिंग बंद. डायोड शॉर्ट झाला तर दोन्हीकडून वाट मोकळी. यांच्या मधली तिसरी तऱ्हा जास्त छळते : गळका डायोड. पन्नास मिलिअँपिअर गळतात म्हणजे मीटरच्या सुईलाही न जाणवण्याइतके. पण दिवसाकाठी ते १.२ अँपिअर-तास होतात. दुचाकीची ५ अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांत रिकामी. रोज वापरात असलेल्या गाडीत हा दोष लपून राहतो. मालक पंढरपूरला जाऊन आला, किंवा लग्नाला म्हणून मुंबईला चार दिवस राहिला, की परतल्यावर 'टक्'. बॅटरी चार्जरवर लावली की छान भरते, दुकानदार म्हणतो बॅटरी चांगली आहे, आणि ते खरंही असतं.

डायोडला मारणाऱ्या कारणांत एक तर सरळ माणसाच्या हातचं आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि 'बंद पडलं नाही, म्हणजे चार्जिंग चांगलं' असा निकाल द्यायचा, ही चाचणी डायनामोच्या काळातली. आता बॅटरी काढली की व्होल्ट सावरणारं मोठं भांडंच निघून जातं, ते क्षणात उसळतात आणि आरआर, बल्ब, इंजेक्शनच्या गाडीत तर कंट्रोल युनिटसुद्धा धोक्यात येतं. ही चाचणी जो करतो त्याला या पुस्तिकेतलं दुसरं काही नाही शिकवता आलं तरी चालेल. एवढी सवय सुटली पाहिजे.

बाकीचं हवामान करतं, आणि या दोन जिल्ह्यांइतकं टोकाचं हवामान इतक्या थोड्या अंतरावर क्वचितच सापडेल. महाबळेश्वर, पाटण, कोयना खोऱ्यात पावसाळाभर ओल. तिथे डायोडपेक्षा कनेक्टर आधी जातो. पिना हिरव्या पडतात, अडथळा वाढतो, प्लास्टिक वितळून तपकिरी होतं. माण, आटपाडी, जत भागात उलट : ऊन आणि धुरळा. पंखांवर माती बसते, उष्णता निघत नाही आणि डायोड आतल्या आत भाजतो. बॅटरीचं पाणीही लवकर उतरतं. म्हणून पुस्तिकेतला देखभालीचा भाग पश्चिमेकडच्या वाचकानं आणि पूर्वेकडच्या वाचकानं सारखाच पाळावा अशी अपेक्षा नाही. एक गोष्ट मात्र दोघांनाही : पुष्कळ आरआरना अर्थिंग त्यांच्या बोल्टमधूनच मिळतं. बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून बसवा. खराब अर्थिंगमुळे रेग्युलेटरला बॅटरीचे खरे व्होल्ट कळत नाहीत आणि चांगला नवा आरआरही बॅटरी उकळवतो.

तपासणीला काय लागतं? मल्टिमीटर, आणि तो नसेल तर बल्ब. मीटर डायोडच्या खुणेवर लावायचा. एका बाजूनं ०.५ ते ०.७ आणि उलट बाजूनं काहीच नाही, असं दिसलं तर डायोड ठीक. दोन्हीकडून शून्याच्या आसपास असेल तर शॉर्ट, दोन्हीकडून काही नाही तर उघडा. बल्बनं करायचं तर बॅटरी, बल्ब आणि डायोड एका ओळीत जोडा. एकदा सरळ, एकदा उलटा. एकदाच पेटला तर डायोड चांगला. दोन्हीदा पेटला किंवा एकदाही नाही, तर वाईट. सुटा डायोड बदलताना चंदेरी पट्टा ज्या टोकाला असेल ते टोक बॅटरीच्या प्लसकडे. तीन अँपिअरच्या जागी १एन ५४०८ चालतो, अगदी स्वस्तात मिळतो. त्याच्याजवळच ठेवलेला, दिसायला बारीक १एन ४००७ एका अँपिअरचा आहे; तो बसवला तर इंजिन सुरू होतं, दुपारपर्यंत चालतं आणि डायोड करपतो. झाळताना डायोड आणि झाळ यांच्या मधे तार नोज प्लायरनं धरायची, म्हणजे उष्णता आत न जाता पकडीत जाते.

आता मीटरविषयी एक सूचना. बॅटरीच्या टोकांवर मीटर एसीवर लावला तर चांगल्या चार्जिंगमध्ये फार थोडा आकडा दिसायला हवा. बराच दिसला तर ब्रिजमधला एखादा डायोड गळतोय असा अंदाज बांधता येतो. पण काही स्वस्त मीटर एसीवर ठेवून डीसीला लावले की जवळजवळ दुप्पट आकडा दाखवतात आणि टोकं उलटली की शून्य. घाबरू नका. त्या मीटरच्या पोटातही एकच डायोड आहे आणि तो आपलं काम इमानानं करतोय.

पुस्तिकेच्या भाषेबद्दल थोडं. किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं ते एका कारखान्याचं मासिक म्हणून. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' झालं आणि अख्ख्या महाराष्ट्रानं वाचलं. नांगर आणि पंप जिथे घडत होते तिथूनच मराठी मासिक निघतं, ही गोष्ट या मातीत एकदा घडलेली आहे. त्यानंतर आपण यंत्रं वापरत राहिलो आणि त्यांच्याविषयी मराठीत लिहिणं हळूहळू सोडून दिलं. आयटीआयच्या मुलाला रेक्टिफायर इंग्रजी नोट्समधून पाठ होतो आणि गॅरेजमध्ये तो उस्तादाच्या हाताकडे बघून कळतो. या दोघांची गाठ कुठेच पडत नाही. इथे 'मॅग्नेट कॉइल', 'अर्थिंग', 'सेल्फ', 'कटआउट' हे शब्द गॅरेजमधले आहेत तसेच ठेवले आहेत आणि त्यांना धरूनच व्होल्ट-अँपिअरचा हिशेब सांगितला आहे. काहींना ते अशुद्ध वाटेल. ज्याच्या हाताला ग्रीस आहे त्याला वाटणार नाही.

पुस्तिकेत एक उणीव मला जाणवली तीही सांगून टाकतो. इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जरमध्ये डायोड कसे असतात, यावर इथे काही नाही. पण ते वेगळं प्रकरण आहे, तिथले व्होल्ट जीव घेऊ शकतात, आणि बारा व्होल्टवर हात बसलेल्या माणसानं त्याच धिटाईनं तिकडे जाऊ नये हेच बरं.

वाचकाला एक विनंती आहे. ही पाने गादीवर पडून वाचू नका. गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा भंगाराच्या पोत्यात निकामी म्हणून टाकलेले दोन-चार आरआर असतील, ते काढा, धुऊन कोरडे करा, शेजारी मीटर ठेवा आणि तीन वायरींच्या डबीच्या प्रकरणातला तक्ता समोर घेऊन प्रत्येक पिन तपासा. डब्यावर खडूनं 'ठीक', 'उघडा', 'शॉर्ट' असं लिहा. मगच गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावा, आणि त्याच्याकडे नव्या बॅटरीचे पैसे मागण्याआधी चालू इंजिनावर तिचे व्होल्ट एकदा त्याच्या डोळ्यांदेखत मोजून दाखवा.